पेन्सिलनं मांडलेली गैरहजेरी

निकमबाई माणसाला आधी आडनावानं हाक मारायच्या आणि मग नावानं. मी भालेराव सुधीर. आमचा वॉचमन गांगुर्डे किसन. पोटचा मुलगासुद्धा निकम समीर. पेठ तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांवर तेहेतीस वर्षं रोज हजेरी घेतली, त्याचा हा परिणाम. इंदिरानगरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "घरात माणसं किती? आत्ता हजर किती?" बायको गोंधळून म्हणाली, "दोन. हजर एक." मी तेव्हा दूध आणायला गेलो होतो.

सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन बोलायला उभे राहिले की बाई म्हणायच्या, "आधी हजेरी." पहिल्या वेळी सगळे हसले. मोजलं तर माणसं नेहमीप्रमाणे कमी, मीटिंग नेहमीप्रमाणे तहकूब व्हायच्या बेतात. बाई उठल्या, छत्री काखेत मारली, जिना चढून एकेक दार वाजवलं आणि दहा मिनिटांत अकरा जणांना खाली घेऊन आल्या. त्यातल्या एका गृहस्थांच्या गालावर दाढीचा फेस तसाच होता. मागं सगळे कुरकुर करायचे, पण त्यानंतर आमची मीटिंग माणसांवाचून कधी अडली नाही.

बाई गेल्या त्याला आता सहा महिने होतील. शेजारच्या दाराला कुलूप आहे. दुपारचे साडेबारा वाजले की अजून माझा कान भिंतीकडे जातो. का जातो, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

दिसायला बुटक्या, काटक. डाव्या मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ, त्याला पट्ट्यात जास्तीचं भोक पाडलेलं. पावसाळा असो नसो, छत्री सोबत. डोंगरात ती कुत्री हाकलायला आणि ओढे ओलांडायला लागायची म्हणे; नाशकात ती बहुतेक दारं ठोठावायला उपयोगी पडत असावी. शिकवण्याबद्दल त्यांना फारसा अभिमान नव्हता. "शिकवतं कुणीही, भालेराव," त्या म्हणायच्या. "पोर हजर असलं की निम्मी शाळा झाली. उरलेली निम्मी पोरं एकमेकांना शिकवतात. बाई आपल्या उगाच खडू झिजवत असतात."

त्यांची एक सवय मला त्यांच्याच तोंडून कळली. हजेरीपटावर गैरहजर मुलापुढं 'गै' लिहितात. बाकीचे मास्तर सकाळीच पेननं लिहून मोकळे व्हायचे. बाई 'गै' पेन्सिलनं लिहायच्या. मधल्या सुट्टीत पोराच्या घरी जायच्या. पोर सापडलं, आलं, तर खोडरबर. नाही सापडलं तर शाळा सुटल्यावर पुन्हा जायच्या. संध्याकाळी सगळे उपाय थकले, की मग नाइलाजानं त्या पेन्सिलवर शाई चढायची. "शाईची गैरहजेरी म्हणजे माझी हार," असं त्या म्हणायच्या. तपासणीला आलेल्या एका साहेबानं यावरून त्यांना लेखी समज दिली होती. ती समज त्यांनी जपून ठेवली होती, आणि आल्यागेल्याला त्या ती दाखवायच्या.

यमुनाची गोष्टही त्यांनी मला दोनदा सांगितली. पहिल्यांदा सांगितली ती अशी. भात कापून झाला की पेठची माणसं दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. पोरंही जातात. यमुना तिसरीत होती. एके दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी बाई एसटीनं दिंडोरीला उतरल्या आणि बागांमागून बागा हिंडत तिला शोधून काढलं. बाप आडवा आला. म्हणाला, "बाई, पोर माझी हाय का सरकारची?"

बाई म्हणाल्या, "अकरा ते पाच सरकारची. बाकीची तुझी. सरकार तिला जेवूपण घालतं."

"आन् न्हाई सोडली तर?"

"तर मी इथंच बसते. उद्या फौजदार माझ्या शेजारी बसेल."

बापानं सोडली. रस्ताभर पोर रडत होती, तिला आजीकडे ठेवून बाईंनी दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. हे सांगताना बाईंचा चेहरा लढाई जिंकल्यासारखा व्हायचा. कायदा आपल्या बाजूला आहे हे माहीत असलेल्या माणसाचा तो चेहरा होता. मला तो तेव्हा फार आवडायचा.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण नाइलाज आहे. माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात जर्मन यंत्रांवर गेली. कंपनीनं सहा महिने तिकडं शिकायला पाठवलं होतं. पुढं यंत्रांची पुस्तकं वाचता वाचता भाषा अंगवळणी पडली. 'तेल बदला' आणि 'चालू असताना हात घालू नका' हे मला जर्मनमध्ये उत्तम येतं. त्यापलीकडचं बेताचंच. पण बाईंचा समीर नोकरीनिमित्त बायको-मुलीसह जर्मनीत राहत होता, ऑफिसात त्याचं इंग्रजीवर भागायचं, आणि तिकडून येणारा प्रत्येक सरकारी कागद बाई त्याच्याकडून फोटो काढून मागवायच्या. तो फोटो घेऊन त्या माझ्याकडे यायच्या. "मोबाइल भाषांतर करून देतो की," मी एकदा म्हणालो. बाई म्हणाल्या, "मोबाइलला कायद्यातलं काय कळतंय?" मला तरी कुठं कळत होतं! पण बाईंना नाही म्हणायचं धैर्य आमच्या इमारतीत कुणाकडेच नव्हतं.

समीरची मुलगी ईरा आठ वर्षांची. घरी मराठीत तोंडाचा पट्टा चालू, आणि शाळेत दीड वर्षात एक शब्द नाही. जर्मन समजायची तिला, सगळं समजायचं, बोलायची नाही. शाळेनं समीर आणि गौरीला बोलावून सुचवलं की हिला वेगळ्या, मंद मुलांच्या शाळेत घालून पाहू. ते ईरानं ऐकलं. त्यानंतर ती शाळेच्या फाटकाशी गेली की उलटी करायची. गौरी तिला परत घेऊन यायची. डॉक्टरनं दोन आठवड्यांची चिठ्ठी दिली. दोन आठवडे संपले, आणि पुन्हा फाटकाशी तेच झालं. समीरनं फोनवर आईला सांगितलं, "थोडे दिवस घरीच ठेवतो. तू शिकवशील का?"

बाईंनी मेनरोडवरून नवाकोरा हजेरीपट आणला. पटावर नाव एकच.

तेव्हापासून दुपारी बारा पंचवीसला शेजारी स्टीलच्या ताटलीवर पळी वाजायची. तिकडं सकाळचे आठ वाजत आलेले. बाई इस्त्रीची साडी नेसून, घड्याळ लावून, टेबलावर टेकवलेल्या फोनसमोर उभ्या राहायच्या. भिंतीतून ऐकू यायचं, "निकम ईरा समीर?" आणि मग लांबून, पण खणखणीत, "हजर बाई!" वर्गात आजी म्हणायचं नाही असा नियम होता. पाढे व्हायचे, गोष्ट व्हायची, मधली सुट्टी व्हायची. त्या सुट्टीत बाई आमच्याकडे येऊन चहा घ्यायच्या आणि घड्याळ बघून परत पळायच्या. पोरगी फुलली. तिला नागली म्हणजे नाचणी हे आणि पेठचा घाट कुठून चढतो ते पाठ झालं. मी बायकोला म्हणालो, "असली शाळा आपल्याला मिळाली असती तर!" असं वाटण्यात काय चूक होतं?

मग पहिलं पत्र आलं.

शाळेचं होतं. सभ्य होतं. मुलगी का येत नाही, लेखी कळवा. मी वाचून दाखवलं आणि शेवटी दिलेली कायद्याची ओळही सांगितली. "बाई, तिथं राहणाऱ्या प्रत्येक पोराला शाळेत जावंच लागतं. पासपोर्ट कुठला का असेना. घरी शिकवलेलं ते शिक्षण धरत नाहीत, गैरहजेरी धरतात."

"रोज साडेबाराला हजर असलेलं पोर गैरहजर?"

"त्यांच्या दृष्टीनं."

"आपल्याकडे कुणी विचारतं का? घरी शिकतात, बाहेरून परीक्षेला बसतात, पास होतात."

"आपल्याकडे, बाई. ते तिथं राहतात."

बाईंनी पत्राचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "त्यांचा गैरसमज झालाय, भालेराव. त्यांना वाटतंय पोरगी घरी नुसती खेळतीय. आपण पुरावा देऊ."

इथं मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. बाईंनी हजेरीपटाच्या पानांच्या प्रती काढल्या. एकेचाळीस दिवस, एकही 'गै' नाही. प्रत्येक पानाखाली सही. आणि सहीखाली शिक्का! मुद्दाम करून आणलेला गोल जांभळा शिक्का, 'निकम गृहशाळा, नाशिक'. शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही हे तेहेतीस वर्षांत त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. सोबत पत्र, त्यांनी सांगितलेलं आणि मी जर्मनमध्ये उतरवलेलं. 'सदर विद्यार्थिनी आमच्या शाळेत नियमित उपस्थित असून तिची प्रगती समाधानकारक आहे.' हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं. हे आपण आपल्याच हातानं कबूल करतोय, असं मनात आलं होतं. पण बाई समोर बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर माझं जर्मन फार सुरेख जमून आलं होतं. मी ते तसंच लिहून दिलं.

समीरला सांगायचं नाही असं ठरलं. त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता. स्कूटरवर मागं बाई, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत हजेरीपट, असे आम्ही द्वारका चौकापलीकडं कुरिअर करायला गेलो. चौकात वीस मिनिटं अडकलो. एका रिक्षावाल्यानं मधेच रिक्षा घुसवली तर बाईंनी छत्री उगारून त्याला रांग शिकवली. कुरिअरच्या पोरीला त्यांनी चार वेळा विचारलं, "पोचपावती मिळेल ना?" मिळाली. पाचव्या दिवशी मिळाली.

दुसरं पत्र समीरनं पाठवलं नाही. तो स्वतःच फोनवर आला, आणि बाईंनी फोन माझ्यासमोर स्पीकरवर टाकलेला होता.

"आई, तू काय पाठवलंस त्यांना?"

"हजेरीपट."

"आई, मी त्यांना सांगत होतो की ती आजारी आहे, तिला वेळ द्या. ते ऐकत होते! आता पत्र आलंय की आम्ही एकेचाळीस दिवस जाणूनबुजून तिला शाळेत पाठवलं नाही, आणि परवानगी नसलेली शाळा चालवतो. शाळा! शिक्का कुठून आणलास तू? आता ते मुलांच्या खात्याची माणसं घरी पाठवणार आहेत. पुढच्या गुरुवारी दहा वाजता. मुलगी आईबापांजवळ नीट वाढतीय की नाही हे ते ठरवणार." मग मागून गौरीचा आवाज आला, रडवेला. "आई, नेतील का हो तिला?"

फोन बंद झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "पत्र वाचून दाखवा. सगळं. काही गाळू नका." समीरनं पाठवलं, मी वाचलं. 'आपण स्वतः सादर केलेल्या कागदपत्रांवरून असे दिसते', अशी सुरुवात होती. शिक्क्याचं वर्णनही होतं, गोल, जांभळा. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. बागेत मी याहून कडक बोलले होते."

त्या आठवड्यात ताटली वाजली नाही. वकिलानं समीरला सांगितलं होतं की रस्ते दोनच आहेत. एक तर मुलीला शाळेत घाला, नाही तर तो देश सोडून घरी या. मधला रस्ता नाही. समीर परत यायच्या बाजूला झुकला होता. गौरीचं तिकडं नर्सिंगचं शिक्षण निम्मं झालं होतं, ते सोडावं लागणार होतं. पण पोटची पोर जाण्यापेक्षा ते बरं, असं तीही म्हणू लागली होती.

आणि बाईंना काय हवं होतं? ते मला एका रंगाऱ्यामुळं कळलं. तो चुकून आमची बेल वाजवून म्हणाला, "काळा रंग मारायचाय ना भिंतीला?" फळ्याचा काळा रंग होता. बाईंनी मागची खोली रिकामी केली होती, लहान टेबल आणलं होतं, जवळच्या शाळेत तिसरीच्या प्रवेशाची चौकशीही करून आल्या होत्या. एकटी बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. सून, मुलगा आणि नात कायमची घरी येणार, आणि त्यासाठी बाईंनी करायचं काय, तर जे चाललंय ते नुसतं चालू द्यायचं. मला त्यांचा राग आला. वाटलं, ही चूक तुम्ही मुद्दाम तर नाही ना केली? विचारायचं धैर्य झालं नाही. आज मला पक्कं ठाऊक आहे की ती मुद्दाम नव्हती. पण चूक झाल्यावर तिच्यातून काय पदरात पडू शकतं, हे त्यांना दिसलं होतं. माणूसच होत्या त्या.

गुरुवारी दुपारी अडीचला मी दुभाषा म्हणून त्यांच्या टेबलाशी बसलो. खात्याच्या माणसांबरोबर त्यांचा दुभाषा येणार होता, तरी बाईंना आपला माणूस हवा होता. पलीकडं समीरनं फोन कपाटावर टेकवला होता. दोन बायका आल्या. एक वयस्कर, पांढऱ्या आखूड केसांची; एक तरुण, टिपणं घेणारी. मला वाटलं होतं उग्र असतील. उलट त्यांनी बूट दाराशी काढले, आजींना म्हणजे फोनला नमस्कारासारखी मान लववली. त्यामुळं मला जास्तच भीती वाटली. बाईंचा हात टेबलाखाली छत्रीच्या मुठीवर होता. घरात छत्री कशाला घेतली होती कोण जाणे.

त्यांनी खोली पाहिली, वह्या पाहिल्या. वह्यांचं कौतुक केलं. समीर नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा ताठ बसून उत्तरं देत होता. मग पांढऱ्या केसांची बाई ईराच्या समोर जमिनीवर बसली आणि तिला जर्मनमध्ये विचारलं. मी हळूच बाईंना सांगितलं, "विचारतीय, शाळेत तुला सगळ्यात कशाची भीती वाटते?"

ईरानं ऐकलं. तिला समजलं. तिनं तोंड उघडलं नाही. मान वळवून ती फोनकडे, आमच्याकडे, बघायला लागली. म्हणजे आजीकडे. उत्तर आजी देणार, अशा खात्रीनं बघत होती. त्या बाईनं दुसऱ्यांदा विचारलं. पोरीचे डोळे बाईंवरून हलेनात. समीरही फोनकडे बघत होता, गौरीही. मी कुजबुजलो, "बाई, काहीतरी बोला. मी सांगतो त्यांना."

बाईंनी हात पुढं केला आणि फोन बंद केला.

"बाई!"

"बसा, भालेराव."

"अहो, तिकडं त्यांना वाटेल..."

"बसा म्हटलं ना."

मी बसलो. समोर काळा फोन, भिंतीवर घड्याळ. समीरचा फोन आला, बाईंनी घेतला नाही. पुन्हा आला, पुन्हा घेतला नाही. मग तोही थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मी मनात पोरीला गाडीत बसवून नेलेलंही पाहून घेतलं. बाईंच्या कपाळावर घाम होता, भर थंडीत.

मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. यमुनाची गोष्ट, दुसऱ्यांदा. "तुम्हाला मी निम्मीच सांगितलीय. यमुनाला आणली मी बागेतून, बसवली वर्गात. महिनाभर पोर एक अक्षर बोलली नाही. मी लय प्रयत्न केले. माझ्यासमोर बसवली, रोज जवळ घेतलं. तिच्या वतीनं मीच बोलायचे. ती जास्तच मुकी झाली. मग मी आठवडाभर रजेवर गेले, आई आजारी होती माझी. परत आले तर पोरगी चिवचिवतीय. कुणी बोलती केली? शेजारी बसणाऱ्या चंद्रीनं. पेन्सिल चोरली होती चंद्रीनं तिची. भांडायला तोंड उघडावंच लागलं." त्या थांबल्या. "ईराच्या शेजारी कोण बसतं, भालेराव? मी. तिची पेन्सिल कोण चोरणार?"

मागच्या खोलीतून ओल्या रंगाचा वास येत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाईंनी लगेच घेतला नाही, एक श्वास घेतला आणि मग घेतला. समीर रडत होता की हसत होता ते पहिलं मिनिटभर कळेना. तुझा फोन गेला, तो म्हणाला, आणि ईरा रडायला लागली. पांढऱ्या केसांची ती बाई नुसती बसून राहिली, काही बोलली नाही, उठलीपण नाही. दहा मिनिटं तशीच गेली. आणि मग ईरा बोलली. जर्मनमध्ये. एक वाक्य. सगळे हसतात ती भीती नाही, मला दाराजवळ बसवतात, मागून कोण येतं ते दिसत नाही, मला खिडकीशी बसायचंय.

"खिडकीशी?" बाई म्हणाल्या.

"हो. एवढंच. त्या म्हणाल्या, बसवू. सोमवारपासून रोज दोन तास, पहिला आठवडा गौरीनं शाळेत थांबायचं. वेगळ्या शाळेचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणाल्या. पण आई, तू फोन का बंद केलास? मी किती घाबरलो होतो."

"रेंज गेली असेल," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच ऐकलं.

सोमवारी बारा वाजता त्यांनी मला बोलावून घेतलं. इस्त्रीची साडी होती, घड्याळ होतं, ताटली मात्र नव्हती. टेबलावर हजेरीपट उघडा. साडेबाराला पाच कमी असताना समीरचा फोन आला. पडद्यावर शाळेचं फाटक, ओला रस्ता, आणि दप्तर पाठीवर घेतलेली ईरा. चेहरा पांढराफटक. फाटकाशी येऊन ती थांबली. तिचा हात पोटाकडे गेला. मला वाटलं, झालं.

"निकम ईरा समीर?" बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

ईरानं सवयीनं तोंड उघडलं. बाईंनी झटकन ओठांवर बोट ठेवलं.

"मला नको सांगू. आत जाऊन सांग."

ती उभी राहिली. एकदा फोनकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून आत गेली. तिच्या मागं गौरी गेली. फाटक बंद झालं. समीरनं बराच वेळ ते बंद फाटकच आम्हाला दाखवलं.

बाईंनी फोन पालथा ठेवला. पेन्सिल शेजारीच होती, टोक काढलेली. ती त्यांनी बाजूला सारली. टोपण काढून लाल शाईचं पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात थेट 'गै' लिहिलं. अक्षर सुरेख आलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

त्यानंतर रोज साडेबाराला हेच चालायचं. हजेरीपट उघडायचा, पाच मिनिटं वाट बघायची, फोन वाजला नाही की लाल शाईत 'गै'. दोन तासांचे चार झाले, चाराची पूर्ण शाळा झाली. रविवारी नातीचा फोन यायचा तेव्हा बाई आजी असायच्या आणि हजेरीपट कपाटात असायचा. ईराच्या शेजारी एक तुर्की मुलगी बसते आणि ती फार चोंबडी आहे, ही बातमी बाईंनी साऱ्या इमारतीला सांगितली. मार्चच्या शेवटी तिकडची घड्याळं पुढं सरकली, तशा बाई साडेअकरालाच टेबलाशी बसायला लागल्या. मागच्या खोलीची भिंत काळीच राहिली. तिच्यावर त्यांनी एक अक्षरही कधी लिहिलं नाही.

इमारतीत लोक म्हणायला लागले, बाईंचं वय झालं, रिकामा हजेरीपट भरत बसतात. मी कुणाला काही समजावलं नाही.

त्यांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी भाजी घेऊन जिना चढत होतो. त्यांचं दार अर्धं उघडं होतं. टेबलाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, पावलं ऐकून वळल्या. पेनला टोपण लावलं, ओल्या शाईवर हळूच फुंकर मारली. डोळे भरलेले होते, आणि चेहरा दिंडोरीच्या बागेतून पोर सोडवून आणल्याचं सांगताना व्हायचा तसाच झाला होता.

"भालेराव सुधीर," त्या म्हणाल्या, "आजही आली नाही."